वर तीन, खाली एक

पाली, जि. बीड
२ जुलै १९८६

सुग्रीव भाऊजी,

अनेक आशीर्वाद. तुमच्या दादांचं दिवसकार्य उरकून तुम्ही हैदराबादला परत गेलात आणि पोहोचल्याचं कार्ड टाकलंत. त्यानंतर तुमच्याकडून अक्षर नाही आणि माझ्याकडूनही नाही. आजही ख्यालीखुशालीसाठी लिहीत नाही. अडलं आहे म्हणून लिहिते.

शाळा उघडली. विज्ञानाचे सर बदलून केजला गेले आणि दहावीचं विज्ञान हेडमास्तरांनी माझ्या गळ्यात मारलं. मी मराठी-इतिहासाची बाई. पुस्तकात सगळं आहे, वाचून दाखवा, असं त्यांचं म्हणणं. वाचत वाचत 'समस्थानिके' या धड्यापाशी आले. तिथे इंग्रजी H हे अक्षर आहे आणि त्याच्या डाव्या अंगाला एक आकडा वर, एक खाली. मी अपूर्णांक समजून 'तीन छेद एक' असं मोठ्यानं वाचलं. पोरं हसली नाहीत, म्हणजे त्यांनाही कळलं नसावं. हे दोन आकडे काय आहेत? आणि हायड्रोजन तीन तऱ्हेचा म्हणजे काय? तुम्ही तिथल्या प्रयोगशाळेत हेच काम करता असं तुमचे दादा सांगायचे.

घरचं म्हणाल तर आत्याबाईंचे गुडघे सोडून बाकी ठीक. बोरला पाणी टिकून आहे. ज्या बोरच्या गाडीला वाट दाखवायला तुमचे दादा मांजरसुंब्याच्या फाट्यावर उभे होते आणि ट्रकखाली आले, त्या गाडीवाल्या तामिळ लोकांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. ते विचारत विचारत वस्तीवर आले आणि पाणी सोसायटीच्या जागेत बोर मारून गेले. चारशे फुटांवर पाणी लागलं. वस्ती आता त्याला त्यांच्या नावानं 'पंडितची गंगा' म्हणते. तुमच्या मायनं पहिल्या दिवशीचं पाणी तांब्याच्या गडूत भरून, तोंड मेणानं बंद करून देव्हाऱ्यात ठेवलं आहे, काशीच्या गंगेशेजारी.

लोक विचारतात, कशा आहात. मी बरी आहे म्हणते. खरं तर काही वाटतच नाही. भाकरी टाकते, शाळेत जाते, येते.

विमल

हैदराबाद
११ जुलै १९८६

वहिनी,

नमस्कार. दादाविषयी लिहायला बसलो की हात थांबतो. तुम्ही हायड्रोजनविषयी विचारलंत, ते लिहू शकतो.

अपूर्णांक नव्हे. मधे रेघ नाही, मग छेद कुठला? अक्षर म्हणजे मूलद्रव्याचं चिन्ह. पायाशी असतो तो अणुअंक, म्हणजे केंद्रकात प्रोटॉन किती. डोक्याशी असतो तो अणुवस्तुमानांक, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून एकूण कण किती. डोक्याच्या आकड्यातून पायाचा वजा केला की उरतात ते न्यूट्रॉन. फळ्यावर असं मांडा:

¹₁H  ²₁H  ³₁H

पायाशी तिघांच्याही एक. म्हणून तिघेही हायड्रोजनच. पहिल्यात न्यूट्रॉन नाही, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात दोन. आवर्तसारणी ही पंगत समजा. या तिघांना पाट एकच, म्हणून समस्थानिक. तिघांचंही पाणी होतं आणि पिऊन फरक कळत नाही. फरक आतल्या वजनाचा. तिसऱ्याला ट्रिटियम म्हणतात आणि तो टिकाऊ नाही. सव्वाबारा वर्षांत निम्मा झिजून जातो.

पोरं हमखास आकडे उलटे लिहितील. वर एक आणि खाली तीन. त्यांना सांगा, खाली तीन आला की तो हायड्रोजन राहिला नाही, लिथियम झाला. आणि एकूण कण एक, त्यात प्रोटॉन तीन, असं कसं होईल? घरात माणूस एक आणि जेवायला बसले तिघे, त्यातली गत.

मायच्या गुडघ्यांना तेल लावत जा. मी दिवाळीला यायचं बघतो.

सुग्रीव

पाली
२६ जुलै १९८६

भाऊजी,

तुमची पंगत कामी आली. घरात एक माणूस आणि जेवायला तिघे, यावर वर्ग हसला, आणि नंतर वजाबाकी बहुतेकांनी बरोबर केली. मी स्वतः मात्र त्या धड्यात अडकून बसले आहे. बाहेरून तोच, चवीला तोच, आत वजन वेगळं, हे मला फार चटकन कळलं. मी वर्गात उभी असते तेव्हा कुणाला काही फरक दिसत नाही.

आता दुसरं विचारायचं आहे आणि ते वर्गातलं नाही. आषाढ कोरडाच चालला आहे. अंगणात दोन सरी आल्या तेवढ्याच. आत्याबाईंनी पागोळ्यांखाली घागरी लावून ते पाणी रांजणात धरलं, कारण बोरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही. बाकी सगळी वस्ती बोरवर जगते आहे. अशात चेअरमन अर्जुनरावांनी सोसायटीत विषय काढला, की बोरचं पाणी उसाला द्यायचं. कारखाना नवा आहे, सभासदांचा ऊस हवाच आहे. निम्मे संचालक हो म्हणतात, निम्मे म्हणतात पाणी प्यायला ठेवा. तुमच्या दादांच्या जागी मला घेतलंय, त्यामुळे पारडं माझ्या हातावर ठरणार.

मी प्यायलाच ठेवा म्हणणार होते. पण परवा छबुबाई घरी आली. भारतची बायको; दोघं मिळून ऊसतोडीला कोयत्यावर जातात, दिवाळी झाली की मुकादमाच्या ट्रकमधून पार कोल्हापूरकडे. मागचं बाळंतपण तिचं उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत झालं आणि मूल चार दिवसांनी गेलं. आता पुन्हा दिवस आहेत, पौषात भरतील. इथे ऊस लागला तर अर्जुनराव भारतला वर्षभर दारं धरायला, उसाला पाणी द्यायला ठेवणार आहेत, तसा शब्दच दिलाय. ती उंबऱ्याजवळ बसली आणि म्हणाली, "बाई, ह्या येळेला मला घरात बाळंत होऊ द्या. पुढचं पुढं."

मी अर्जुनरावांना म्हटलं, पाणी आटलं तर? ते म्हणाले, "तुमचे दीर त्येच काम करतेत न्हवं का. त्येंनी सांगावं. पानी दरसाल भरनारं असंल तर ऊस, न्हाईतर न्हाई. पंडितची आन." म्हणून विचारते. तुमचे हे आकडे पाण्याचं वय सांगतात का?

विमल

हैदराबाद
५ ऑगस्ट १९८६

वहिनी,

सांगतात. निदान एवढं नक्की सांगतात की पाणी नवं आहे की जुनं.

पन्नास-साठच्या दशकात बड्या देशांनी हवेत अणुबाँबचे स्फोट केले. त्यातून ³₁H हवेत पसरला आणि पावसातून खाली आला, अजूनही थोडा येतो. म्हणजे बोरच्या पाण्यात ट्रिटियम सापडला तर त्यात अलीकडचा पाऊस आहे. वरून मुरतं आणि बोर भरतो. नाहीच सापडला तर ते पाणी त्या बाँबच्याही आधीपासून खडकात अडकून पडलेलं आहे. तसलं पाणी उपसलं की संपतं. आपला काळा पाषाण भेगांमध्ये थोडंच धरतो, आणि चारशे फूट खोल पाऊस सहजी पोहोचत नाही.

नमुन्यांची इथे रांग आहे. तुमचा मी मधे घालतो, साहेबांना सांगून. हैदराबादहून जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे पाच लिटरचा कॅन देतो, भारतला मांजरसुंब्याला पाठवून घ्या. बोर बराच वेळ चालू राहू द्या, मग पाईपच्या तोंडाला लावून कॅन काठोकाठ भरा. आत हवा राहू नये. झाकण घट्ट लावून मेण थापा आणि त्याच बसनं परत पाठवा.

दादाच्या बोरचं पाणी मी तपासणार आहे. माझा हात चालेल ना, असं इथे बसून वाटतं आहे.

सुग्रीव

पाली
१८ ऑगस्ट १९८६

भाऊजी,

कॅन आज पाठवला आहे. भारत फाट्यावर जाऊन कंडक्टरकडे देईल. मी स्वतः जाणार होते, पण त्या फाट्यावर मला अजून उतरवत नाही.

काल संध्याकाळी शाळेतून आल्यावर बोर चालू करून कॅन लावला आणि निम्मा भरतो न भरतो तोच लाइट गेली. बराच वेळ बसून राहिले. मग कॅन घरी आणून माजघरात ठेवला, म्हटलं सकाळी पुन्हा नेऊन ओतून टाकून नव्यानं भरू. सकाळी उठून पाहते तर काठोकाठ भरलेला. लाइट पहाटे आली होती आणि बोर चालू करायला भारतच जातो, त्यानंच भरून आणून ठेवला असणार. विचारायचं होतं, पण तोवर बसची वेळ झाली, आणि तो कॅन घेऊन निघालाही.

आत्याबाई विचारत होत्या, सुग्रीवला पाणी कशाला लागतं, तिकडे पाणी नाही का. मी म्हटलं, तपासायला. त्या म्हणाल्या, बरं.

पाऊस नाही.

विमल

हैदराबाद
४ ऑक्टोबर १९८६

वहिनी,

पाण्यात ट्रिटियम आहे. थोडाथोडका नाही, चांगला मोजता येण्याजोगा. हल्लीच्या पावसाच्या पाण्यात असतो त्याच्या साधारण निम्मा. याचा सरळ अर्थ असा की तुमच्या बोरमध्ये अलीकडचा पाऊस पोहोचतो आहे. जवळच बिंदुसरेचा तलाव आहे, तिथून एखादी लांब भेग खाली गेली असावी, असं साहेबांचं म्हणणं. पाऊस पडला की बोर भरेल. अर्जुनरावांना दाखवायला वेगळा कागद जोडला आहे, शिक्क्यासह.

मला किती बरं वाटलं ते कसं सांगू? दादानं जाता जाता गावाला काहीतरी दिलं, आणि ते आटणारं नाही. आकडा दिसला तेव्हा मी टेबलाशीच बसून राहिलो.

आणि वहिनी, कॅनच्या तळाशी हळदीचे कण होते. इथली पोरं मला हसली. नमुन्याची पूजा करून पाठवणारं गिऱ्हाईक आम्हाला पहिलंच भेटलं. हळदीनं ट्रिटियमचं काही बिघडत नाही, म्हणून सोडून दिलं.

दिवाळीला येणं जमत नाही. रागावू नका.

सुग्रीव

पाली
२० नोव्हेंबर १९८६

भाऊजी,

दसऱ्यानंतरच्या बैठकीत मी तुमचा कागद वाचून दाखवला. ³₁H म्हणजे काय तेही सांगितलं, खडूनं भिंतीवर काढून. वर तीन, खाली एक. अर्जुनरावांनी नीट समजून घेतलं. खालच्या एकाला बोट लावून म्हणाले, "म्हंजे जात तीच, वजनदार निघाला." सगळे हसले. मी उसाच्या बाजूनं हात वर केला.

पावसाळ्यातल्या आडसाली लावणीची वेळ गेलेली, म्हणून सगळ्यांनी पूर्वहंगामी लावण केली. पाट काढले, बेणं आलं. इतकी वर्षं ही माणसं दुसऱ्यांचा ऊस तोडायला जातात, पण आपल्या शिवारात लावताना बघायला अख्खी वस्ती बांधावर उभी होती. मुकादमाचा ट्रक आला तेव्हा भारत त्याला म्हणाला, औंदा न्हाई. ट्रक गेल्यावर तो फावडं घेऊन सरळ पाण्यावर गेला. छबुबाई आत्याबाईंच्या पाया पडून गेली.

हळद मी टाकली नव्हती. भारतच्या हाताची असेल, त्यांच्याकडे त्या आठवड्यात खंडोबाचा कार्यक्रम होता.

मला आनंद झाला का, असं तुम्ही विचाराल. झाला असावा. सगळे खूश होते, मीही त्यांच्यात उभी होते.

विमल

पाली
९ मार्च १९८७

भाऊजी,

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली चांगली आहे. छबुबाईला पौषात मुलगी झाली, घरात, दाराला पडदा लावून, शेक-शेगडी सगळं होऊन. बारशाला मला बोलावलं होतं. मूल गुटगुटीत आहे.

दुसरी अशी. संक्रांतीपासून बोर फुसफुसू लागला. आधी हवा येते, मग पाणी. तीनदा पाईप वाढवले. दर वेळी पाणी अजून खाली गेलेलं. अर्जुनराव म्हणतात, पाऊस नाही म्हणून. पावसाळ्यात भरेल, कागदावर तसं लिहिलंच आहे. मीही तेच म्हणत होते.

परवा तुमच्यासाठी कारळाची चटणी कुटली. अर्जुनरावांचा पुतण्या तिकडे येणार होता. बरणी निम्मीच भरली, तशीच झाकण लावायला निघाले तर आत्याबाईंनी माझा हात धरला आणि वरून शेंगदाण्याची चटणी घालून बरणी गच्च भरली. मी म्हटलं, दोन्ही एकमेकांत मिसळतील. त्या काय म्हणाल्या ते शब्दाला शब्द लिहिते.

"पोराच्या घरी अर्धं भांडं कावून धाडायचं? लई वंगाळ असतं ते. मागं त्यो पान्याचा क्यानबी तू तसाच अर्धा ठिवलता. म्याच भरला की, रांजनातलं पानी घालून. त्या बोरचं पानी कडूजहर, माझ्या लेकाच्या तोंडाला कसं लागंल? जरा पावसाचं गोड घातलं, वरून हळदीचं बोट लावलं."

त्यांना वाटलं होतं की भावाच्या बोरचं पाणी तुम्ही प्यायला मागवलंत. मी 'तपासायला' म्हटलं होतं, ते त्यांनी 'चाखायला' याच अर्थानं घेतलं असेल. पागोळ्यांचं पाणी, भाऊजी. आषाढातल्या सरींचं. तुमचा आकडा पावसाच्या निम्मा होता ना. कॅनही निम्माच भरला होता.

मी बरणीचं झाकण लावलं. चटणी येते आहे.

विमल

हैदराबाद
१७ मार्च १९८७

वहिनी,

पत्र मिळालं. पावसाच्या निम्मा आकडा आणि तळाशी हळद, दोन्ही माझ्यासमोर होतं. दुसऱ्या कुणाचा नमुना असता तर मी परत मागवला असता. दादाचा होता, आणि मला तोच आकडा हवा होता. तुम्ही कुणाला दोष देऊ नका, मायला तर मुळीच नको. तिला काही सांगूही नका.

नवा कॅन पाठवला आहे. या वेळी तुमच्या हातानं भरा आणि तिथेच मेण लावा. आणि तोवर उसाचं पाणी थांबवता आलं तर थांबवा.

चटणी दोन्ही मिसळूनही चांगली लागते. इथे सगळ्यांनी खाल्ली.

सुग्रीव

पाली
३० मार्च १९८७

भाऊजी,

कॅन भरला. पाईपच्या तोंडाशी बसून भरला, मेण तिथेच लावलं. पाणी थांबत थांबत येत होतं, म्हणून काठाला बोटभर कमी आहे. आत्याबाई माझ्यासोबत आल्या होत्या. हातात घरचा तांब्या होता. मी म्हटलं, राहू द्या, या वेळी असाच जाऊ द्या. त्यांनी कारण विचारलं नाही. तांब्यातलं पाणी बाभळीच्या बुडात ओतलं आणि पदरानं कॅन बाहेरून पुसून दिला.

बैठक बोलावली. मी सांगितलं की नमुना घरी आणून ठेवला तिथे त्यात पावसाचं पाणी पडलं, हलगर्जी माझी. आत्याबाईंचं नाव घेतलं नाही. बाहेर आल्यावर अर्जुनराव टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "बाई, मनाला लावून घेऊ नका. तुमचा कागद आला नसता तरी म्या ऊस लावलाच असता." हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पाणी थांबवायचं म्हटलं तर कंबरेएवढा ऊस डोळ्यांदेखत वाळणार. दोन पाळ्या दिल्या की बघू, असं ठरलं.

विमल

हैदराबाद
२२ मे १९८७

वहिनी,

³₁H आढळला नाही. दोनदा मोजला. काहीच नाही.

म्हणजे ते पाणी जुनं आहे, आमच्या जन्माआधीचं, बाँबच्या आधीचं. किती आधीचं ते हायड्रोजन सांगू शकत नाही, तो तोवर झिजून गेलेला असतो. त्यासाठी कार्बन तपासावा लागतो, ¹⁴₆C. खाली सहा, वर चौदा, न्यूट्रॉन आठ. तो फार सावकाश झिजतो, हजारो वर्षांचा हिशेब देतो. पण त्याला कॅनभर पाणी पुरत नाही, चांगलं पिंपभर लागतं. बोरला तेवढं आहे का ते तुम्ही कळवा.

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, अशा खिशातलं पाणी वस्तीनं नुसतं प्यायला वापरलं असतं तर आठ-दहा वर्षं सहज गेलं असतं. हे तुम्हाला लिहावं की नाही यात चार दिवस गेले. लिहितो आहे, कारण तुम्हाला वजाबाकी येते. तुम्ही ती एव्हाना केलीच असेल.

ते पाणी दादाचं नव्हतं, वहिनी. ते कुणाचंच नव्हतं.

सुग्रीव

पाली
५ नोव्हेंबर १९८७

भाऊजी,

तुमची त्यानंतरची दोन पत्रं आली. उत्तर दिलं नाही, कारण त्यात विचारलेलं सांगण्यासारखं नव्हतं. पिंपभर पाणी बोरमध्ये उरलं नव्हतं. वैशाख संपता संपता मोटर नुसती घरघरली आणि भारतनं बटन बंद केलं. किती जुनं होतं ते आता कळायचं नाही. ऊस निम्मा वाळला, निम्मा चाऱ्याला कापून दिला. अर्जुनरावांनी पाणी सोसायटीची पाटी अजून काढलेली नाही. यंदाही पाऊस तसाच गेला. दिवसाआड टँकर येतो, आणि बायका बादल्यांवरून भांडतात. मला बाई म्हणून पुढे जाऊ देतात. मी जात नाही, रांगेतच उभी राहते.

मला कुणी काही म्हणालं नाही. म्हणालं असतं तरी चाललं असतं. शाळेत नव्या वर्गाला तो धडा परवा शिकवला. पुस्तकाकडे न बघता फळ्यावर मांडला, एकही आकडा चुकला नाही.

काल मुकादमाचा ट्रक आला. भारत-छबुबाई निघाले. मुलगी दहा महिन्यांची झाली आहे, धरून उभी राहते. भारत पाया पडायला आला. म्हणाला, "बाई, त्यो कागद चुकीचा व्हता म्हनतेत. आमाला तर लेकरू घावलं त्या कागदावर." मी मान हलवली. इतके दिवस मी एका बाजूला वस्तीचं दहा वर्षांचं पाणी ठेवत होते आणि दुसऱ्या बाजूला ही मुलगी, आणि काय उरतं ते मला काढता येत नव्हतं. अजूनही येत नाही.

छबुबाईच्या डोक्यावर बोचकं होतं आणि कमरेला रिकामी कळशी. टँकरचा कालचा दिवस नव्हता, कुणाच्याच घरात देण्याजोगं पाणी नव्हतं. आत्याबाई दारात बसल्या होत्या. त्यांनी कळशी बघितली, उठल्या, आणि गुडघे धरत आत गेल्या. बाहेर आल्या त्या देव्हाऱ्यातला गडू घेऊन. मी काही बोलायच्या आत त्यांनी सुपारीच्या अडकित्त्यानं मेण फोडलं आणि सगळं पाणी छबुबाईच्या कळशीत ओतलं. तळाला जेमतेम चार बोटं झालं असेल. "लेकुरवाळीनं रिकामं भांडं घिऊन वाटंला लागू न्हाई," एवढंच म्हणाल्या. "पंडितचं पानी हाय. वाटंत पोरीच्या तोंडात घाल."

तुम्ही म्हणाला होतात ते कुणाचंच नव्हतं. किती हजार वर्षांपूर्वीचा पाऊस तो, आणि काल संध्याकाळी तो ट्रकमध्ये बसून मांजरसुंब्याच्या फाट्यावरून कोल्हापूरकडे गेला. ट्रक दिसेनासा होईपर्यंत मी बांधावर उभी होते. मला फार वाईट वाटलं, भाऊजी. हे मुद्दाम लिहिते, कारण त्या फाट्यावरून तुमच्या दादांना घरी आणलं तेव्हापासून मला काही वाटलं नव्हतं.

आज टँकर आला. आत्याबाईंनी गडू चिंचेनं घासून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, भरून आन, देव्हारा रिकामा बरा दिसत न्हाई. मी बादलीतून गडू भरला, काठोकाठ, आणि मेण लावून काशीच्या गंगेशेजारी ठेवला. त्या समोर बसून हात जोडून 'पंडित' म्हणाल्या. बाहेरून गडू तोच आहे.

दिवाळी झाली, पण संक्रांतीला तरी या. आलात की त्या तुम्हाला देव्हाऱ्यापाशी नेतील. हात जोडा आणि उठा. कॅन आणू नका.

विमल